विटेची रेघ

६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन सोडून पत्र का, तर फोन तुझ्या दादाच्या खिशात असतो आणि मी बोलायला लागले की हे टीव्हीचा आवाज बारीक करतात. इथे शिवणवर्गात दुपारच्या जेवणानंतर थोडी उसंत मिळते. उत्तरही वर्गाच्याच पत्त्यावर पाठव.

लिहायचंय ते ह्यांच्याबद्दलच. काम तेच आहे. पॅकिंग कारखान्याच्या बायकांना सकाळी व्हॅनने न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. पण हल्ली संध्याकाळची खेप करून आले की हे आत येत नाहीत, पायरीवरच डोळे चोळत बसून राहतात. म्हणतात, "लोकांनी गाड्यांना सूर्य बसवलेत. त्यांच्याकडे तोफा आणि माझ्याकडे कंदील." समोरून गाडी आली की सगळं पांढरं फटक होतं, आणि ती गेल्यावरही काही वेळ रस्ता सापडत नाही म्हणे. परवा कालव्याच्या वळणावर गाडी थांबवलीच. मागच्या बायकांनी विचारलं, "काका, काय झालं?" तर म्हणाले, "कुत्रं आडवं गेलं." कुत्रं वगैरे काही नव्हतं, ते मला जेवताना सांगितलं.

कालव्याचा रस्ता तुला ठाऊक आहे. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला खाली सिमेंटचा उतार. कठडा अजूनही नाही.

मला भीती वाटते, भिंगरी. अपघाताची तर वाटतेच, पण हे गाडी सोडून घरात बसले तर काय, ह्याची जास्त वाटते. गाडीशिवायचे हे मी कधी पाहिलेलेच नाहीत. तुझ्या शहरात ते नवे एलईडी दिवे मिळत असतील ना? जरा चौकशी कर. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझी,
वहिनी


१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पाकीट बघून माझी लेक म्हणाली, "आई, कोर्टाची नोटीस आलीये वाटतं." पत्र म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं.

माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्याला दादाच्या व्हॅनचं मॉडेल सांगितलं, त्याने जोडी काढून दिली. आजच पार्सल टाकतेय. दादाला फोन करून सांगीन की माझ्याच मनात आलं. मी सायकल शिकत होते तेव्हा संध्याकाळी तो मागून टॉर्च घेऊन धावायचा, आठवतं तुला? तू नुकतीच आली होतीस आपल्या घरात. खिडकीतून हसायचीस. आता मी त्याला टॉर्च देतेय.

दुकानदाराने एक गोष्ट बजावून सांगितली आहे. जुन्या बल्बच्या जागी हे नुसते बसवून भागत नाही, फोकस सेट करावा लागतो. गाडी भिंतीजवळ उभी करून दिव्याच्या उंचीवर भिंतीवर रेघ मारायची. मग गाडी मागे घेऊन दिवे लावायचे. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली राहिली पाहिजे. नाहीतर, त्याच्याच शब्दांत, "समोरच्याचे डोळे फोडाल."

दादाला हे शिकवायला नको म्हणा. तो मलाच शिकवेल.

भिंगरी


२९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

दिवे बसले. ह्यांनी स्वतः बसवले, गॅरेजवाल्याला हात लावू दिला नाही. "बहिणीने पाठवलेत, त्याच्या तेलकट हातात कशाला देऊ?"

मागच्या अंगणातल्या भिंतीवर रेघ मी ओढली. खडू सापडेना, म्हणून विटेच्या तुकड्याने. दिव्यापासून भिंतीपर्यंत ह्यांनी दोरी ताणून धरली आणि मी रेघ मारली, अगदी बेतलेल्या कापडावर मारतात तशी सरळ. मग गाडी मागे घेऊन दिवे लावले. काय उजेड गं. भिंतीच्या पोपड्यांची सावली पडली.

हे आतूनच विचारतात, "रेघेच्या खाली आहे ना?"

मी म्हटलं, "वर गेलाय."

"वर म्हणजे किती?"

"असेल वीतभर."

"तुला रेघ कुठली आणि ओल कुठली ते कळत नाहीये. मला इथून स्वच्छ दिसतंय."

मग उतरून स्क्रू फिरवला, तर उजेड आणखी वर. मी म्हटलं, असेल बाई. मशीनच्या सुईत दोरा कसा ओवायचा हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही, मग गाडीच्या बाबतीत मी कशाला तोंड घालू? आणि किती दिवसांनी खुशीत होते ते. शीळ घालत होते.

आता संध्याकाळची खेप लवकर होते. म्हणतात, "रस्ता पार लांबवर धुतल्यासारखा दिसतो. आणि समोरचे सगळे दिवे उघडझाप करून जातात. नव्या दिव्यांना सलामी देतात लेकाचे." मागच्या बायकाही हसतात म्हणे. फक्त लांबच्या दिव्यांभोवती अजून खळं दिसतं, चंद्राला पडतं तसं. ते थंडीच्या धुक्यामुळे असेल.

तो शिट्टीवाला तुला आठवतो का? कारखान्याचा रात्रीचा राखणदार. सायकलला घंटी नाही, गळ्यात शिट्टी. हे बायकांना घेऊन परत निघतात तेव्हा तो कामावर जात असतो. कालव्याच्या रस्त्यावर दोघांची रोज गाठ पडते. तो शिट्टी वाजवतो, हे हॉर्न देतात. तर परवा सकाळी त्याची पाळी सुटताना त्याने कारखान्याच्या फाटकात ह्यांना म्हटलं, "काका, लग्नाची वरात निघाल्यासारखे येता आता." ह्यांना फार आवडलं ते. घरी येऊन दोनदा सांगितलं.

तुझे उपकार कसे फेडू?

वहिनी


१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

उपकार कसले. दादा शीळ घालतोय हे वाचून दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, पानं मोजताय की रडताय?"

लेकीची परीक्षा चालू आहे, मशीन बिघडलंय, जास्त लिहीत नाही. दादाला म्हणावं वरातीत घोड्यावर कोण बसलंय ते कळव.

भिंगरी


४ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

फोनवर तुला अर्धंच सांगितलं. हे शेजारी बसले होते.

शिट्टीवाला कालव्यात पडला. संध्याकाळी, अंधार नुकताच पडला होता. हे बायकांना घेऊन येत होते. नेहमीच्या जागी शिट्टी ऐकू आली, ह्यांनी हॉर्नवर हात ठेवला, आणि शिट्टी अर्ध्यातच थांबली. ती तशी थांबली म्हणून ह्यांनी गाडी थांबवली. नाहीतर निघूनच गेले असते. दिसलं कुणालाच काही नव्हतं. गाडीचा धक्काही लागलेला नाही, मधे चांगलं अंतर होतं. हे उतारावरून बसत बसत खाली गेले, ह्या वयात. वरून बायका ओढण्या बांधून सोडत होत्या. त्याला वर घेतला, गाडीत आडवा घातला आणि थेट दवाखान्यात नेला. डोक्याला मार आहे, कंबर मोडली आहे.

लोक म्हणतात, प्यायला असेल. हे भांडतात त्यांच्याशी. "थेंबाला शिवत नाही तो." रोज दवाखान्यात जातात. त्याची बायको ह्यांच्या पाया पडायला लागली तर मागे सरले. कारखान्यात सगळे ह्यांना देवमाणूस म्हणतात आणि हे मान खाली घालतात. लाजून, असं मला वाटतं.

शिट्टीवाला मधूनमधून शुद्धीवर येतो. बायकोला म्हणाला, "समोर सगळं पांढरं झालं. फार मोठा उजेड आला." ती मला सांगत होती, डोळे पुसत. म्हणते, त्यांना देवाचा उजेड दिसला, आता मला भीती नाही.

मी तिचा हात धरून बसले होते.  तो उजेड डोक्यातून जात नाही, म्हणून तुला लिहितेय.

वहिनी


९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आल्यावर मी आधीची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मी किती आंधळी होते.

दिव्यांभोवती खळं. हे तू मला ऑक्टोबरात लिहिलं होतंस आणि मी वरातीच्या घोड्याचा विनोद करून मोकळी झाले. वहिनी, आईला आठव. दिवा लावला की म्हणायची, "ह्या दिव्याला खळं पडलंय गं, उद्या पाऊस येणार." आपण हसायचो. कधी पाऊस आला नाही, मोतीबिंदू निघाले. समोरून उजेड आला की तीही डोळ्यांवर हात आडवा धरायची, काही दिसत नाही म्हणायची. दादाला तेच आहे. दोष लोकांच्या दिव्यांत असेल, पण दादाच्या डोळ्यांतही आहे. आणि आपण डोळे तपासायचे सोडून दिवे बदलले.

त्याला ताबडतोब डॉक्टरकडे ने. माझं नाव सांग, आईचं सांग. तोपर्यंत गाडी चालवू देऊ नकोस, काय वाटेल ते कर.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन कागद फाडले. मागच्या भिंतीवर ती विटेची रेघ अजून असेल. दादा घरात नसताना तू स्वतः दिवे लावून बघ. त्याला विचारू नकोस. तू म्हणाली होतीस, वीतभर वर. मला वाटतं, बरोबर तुझंच होतं.

देव करो आणि मी खोटी ठरो.

भिंगरी


२१ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

शिट्टीवाला गेला. मंगळवारी.

त्याआधीच मी भिंत पाहिली होती. हे पायीच दवाखान्यात गेले होते. गाडी अंगणात, दिवस मावळलेला. ती सुरू कशी करतात मला माहीत नाही, पण दिव्यांचं बटण माहीत आहे. लावलं. रेघ खाली अंधारात होती आणि उजेड तिच्या कितीतरी वर, वीतभर कुठला, हातभर. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सायकलवर बसलेल्या माणसाचं तोंड जेवढ्या उंचीवर येतं, तेवढ्या उंचीवर माझं तोंड होतं. मला गाडी दिसली नाही. अंगण दिसलं नाही. स्वतःचा हात दिसला नाही. सगळं पांढरं झालं, भिंगरी. त्याने सांगितलं होतं अगदी तसं.

आणि ती सलामी. ते समोरचे लोक सांगत होते गं ह्यांना, दिवे खाली करा म्हणून. रोज सांगत होते.

मी चावी काढली आणि पिठाच्या डब्यात पुरली. हे आल्यावर म्हटलं, भिंगरीने शपथ घातली आहे, डोळे तपासल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. वाटलं होतं आरडाओरडा करतील. तर पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "मलाही जरा शंका येत होती." एवढंच. म्हणजे त्यांना आतून कळत होतं. गाडी सुटेल म्हणून गप्प होते. आणि मी, ते गप्प राहावेत म्हणून तुझ्याकडे दिवे मागत होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय, चांगला पिकलेला. म्हणाले, "काळजी करू नका, ऑपरेशननंतर सगळं स्वच्छ दिसेल." हे हसले. मला मात्र त्या 'स्वच्छ'चीच भीती वाटली.

कारण गाडी तिथेच उभी आहे, भिंतीकडे तोंड करून. रेघ तिथेच आहे. आज ह्यांना रेघ दिसत नाही, उजेडाची कड दिसत नाही. आज ह्यांना एवढंच ठाऊक आहे की आपण एका माणसाला कालव्यातून वर काढलं. तेवढ्यावर ते जगतायत. दिवसकार्य झालं की शिट्टीवाल्याच्या बायकोला कारखाना पॅकिंगला घेणार आहे. तिनेच ह्यांना सांगितलं, "काका, तुमची गाडी सुरू झाली की मी तुमच्याच गाडीने येणार."

ऑपरेशन पुढे ढकलावं असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं. तुझ्यापासून लपवत नाही.

काय करू ते सांग.

वहिनी


२८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

ऑपरेशन ढकलायचं नाही. ते करायचंच.

आणि रेघ पुसून टाक. गॅरेजवाल्याला बोलावून दिवे खाली करून घे, दादाने विचारलं तर म्हणावं वायर तपासायची होती. मी चार दिवस विचार केला. दादाला कळून शिट्टीवाला परत येणार आहे का? त्याच्या बायकोला त्या उजेडाचा आधार आहे, तो काढून तिच्या हातात काय देणार? दिवे मी पाठवले. रेघ तू मारलीस. आपण दोघी आहोत ना हे घेऊन चालायला. दादा माझा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. मांजर चाकाखाली आलं तेव्हा महिनाभर नीट जेवला नव्हता.

हे बरोबर नाही हे मला कळतं. तरी पुसून टाक.

भिंगरी


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

दोन्ही डोळे झाले. दुसऱ्याची पट्टी सुटून आठवडा झाला.

तुझं ऐकलं होतं मी. बादली आणि फडकं घेऊन भिंतीपाशी गेले, घासली. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली. दुपारच्या उन्हात भिंत वाळली आणि ती परत वर आली, फिकट, पण सरळ. पोपड्यात विटेची पूड बसली आहे. पुन्हा घासली, पुन्हा आली. गॅरेजवाल्याच्या दारापर्यंत गेले आणि टायरमध्ये हवा किती असावी असं काहीतरी विचारून परत आले. का, ते मला सांगता येत नाही. पाय तिथून वळले.

घरी आल्यावर हे लहान मुलासारखे सगळीकडे बघत फिरत होते. "आपली भिंत निळी आहे होय? मला वाटायचं हिरवी." मग माझ्याकडे बघत राहिले. "तुझे केस कधी पांढरे झाले?" मी म्हटलं, "तुम्ही दिव्यांकडे बघत होतात तेव्हा." हसलो दोघं. तेवढंच हसलो.

संध्याकाळी म्हणाले, "बॅटरी उतरली असेल, जरा चालू करून बघतो." मी पिठात हात घालून चावी काढून दिली. नाही म्हणता आलं असतं. चावीला पीठ लागलं होतं, ते त्यांनी सदऱ्याला पुसलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इंजिन लागलं. दिवे लागले. मग इंजिन बंद झालं, पण दिवे तसेच.  ते उतरले आणि भिंतीशी गेले. रेघेवर बोट ठेवलं. दुसरा हात उजेडाच्या कडेवर ठेवला. एक हात खाली, एक हात वर, असे उभे राहिले, पाठमोरे. त्यांची सावली सगळ्या भिंतीवर.

"तू सांगितलं होतंस," म्हणाले.

मी दारातून अंगणात उतरले.

"वीतभर म्हणाली होतीस."

"नंतर तुम्ही आणखी वर घेतला."

"हो," म्हणाले. "घेतला."

रात्रभर जागे होते. सकाळी मला घेऊन चौकीत गेले. तिथल्या साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायकल घसरून पडला अशी नोंद आहे. तुम्ही तर वाचवायला उतरलात. दिवा डोळ्यांवर आला म्हणून कुणाला आत टाकायचं का? घरी जा काका, डोळ्यांना ताण देऊ नका." चहा देत होता. ह्यांनी घेतला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "इथे कुणी ठेवून घेत नाही. मग शिट्टीवाल्याच्या बायकोकडेच जावं लागेल."

मी थांबवणार नाही. मी येते म्हटलं, तर नको म्हणाले.

वहिनी


१५ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस. तुझी सगळी पत्रं वहिनीने मला वाचायला दिली, तिने काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तुम्ही दोघींनी माझ्यापायी बराच भार वाहिलात. तू दिवे पाठवलेस ह्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दिवे चांगले आहेत. मी ते काढले नाहीत, खाली केले. ह्या वेळी गॅरेजवाल्याकडून करून घेतले आणि रेघेपाशी वहिनीला उभं केलं. ती म्हणाली अजून खाली, तर अजून खाली. ती पुरे म्हणेपर्यंत.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे. आधी ती चालवायचीच नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, घरात बसून राहणं म्हणजे लपणं झालं.

शिट्टीवाल्याच्या बायकोकडे गेलो होतो. तिने पाट दिला, पाणी दिलं. खिळ्याला शिट्टी लटकवलेली होती. मी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, रेघेचं, समोरचे लोक उघडझाप करायचे त्याचं. ती ऐकत होती, मधे बोलली नाही. शेवटी मी सांगितलं की त्याला जे पांढरं दिसलं ती माझी गाडी होती.

ती म्हणाली, "म्हणजे तो उजेड दुसरा कसला नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हता."

"ते शेवटपर्यंत तेच बोलत होते, काका."

 तिने माझ्या पुढ्यातला पेला उचलून आत नेला. मी थोडा वेळ बसलो. ती बाहेर आली नाही, म्हणून उठलो.

सोमवारी पहिली खेप. कारखान्याने मधे लावलेली भाड्याची गाडी आदल्या आठवड्यात बंद झाली. तिच्या थांब्यावर ती नसेल असं धरून चाललो होतो. होती. डबा घेऊन उभी. माझ्या शेजारची सीट बायकांनी तिच्यासाठी मोकळी ठेवली होती, त्यांना अजून काही माहीत नाही. एकजण म्हणाली, "ये गं, पुढे बस, काकांजवळ." तिने मान हलवली आणि सगळ्यांच्या पायांतून वाट काढत मागच्या बाकावर जाऊन बसली. कामावर पोचायचं तर तिला दुसरी गाडी नाही.

तेव्हापासून रोज तिथेच बसते. संध्याकाळी कालव्याचं वळण आलं की गाडीतल्या सगळ्या गप्पा बंद होतात. मी हॉर्न वाजवत नाही. आरशात बघितलं की ती दिसते, खिडकीकडे तोंड करून.

डोळे आता उत्तम आहेत, भिंगरी. मागच्या बाकापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं.

तुझा,
दादा